पाच कोंबड्यांना तीन कड्या

१६ ऑगस्ट, शनिवार

कोंबड्या आल्या. पाच. नवी वही, नवं पेन. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, त्यामुळे उगाच नम्रपणाची गरज नाही.

नोंद राहावी म्हणून: व्हाइटफील्डचा भाड्याचा फ्लॅट सोडून शहराबाहेर, देवनहळ्ळीजवळच्या या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉटच्या वसाहतीत, घर घ्यायचा निर्णय माझा. मोकळी हवा, माती, स्वतःचं अंगण. स्मिताचं ऑफिस तिकडेच राहिलं, शाल्मलीच्या मैत्रिणीही तिकडेच राहिल्या. जूनपासून दोघी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. कोंबड्या हा त्यावरचा उपाय.

शाल्मलीनं (वय दहा) नावं ठेवली. चकली, चिवडा, शेव, करंजी, बुंदी. बुंदी सगळ्यात लहान, किंचित लंगडी. दुपारभर पोरीच्या मांडीवर होती. दोन महिन्यांनी पोरगी हसली.

स्मिता म्हणाली, यांना काही झालं तर ती परत हसायची नाही, लक्षात ठेव. मी तिला आठवण करून दिली की कंपन्यांच्या सिस्टिममध्ये चोर शिरू नयेत याचाच मी पगार घेतो. बँका माझ्या भरवशावर झोपतात. कोंबडीच्या खुराड्यात उंदीर शिरणार? हॅ.

१७ ऑगस्ट, रविवार

खुराडं पूर्ण. डिझाइन माझं. चार लोखंडी खांबांवर, जमिनीपासून गुडघाभर वर. प्रत्येक खांबाला पत्र्याची उलटी ताटली, म्हणजे उंदीर चढला की आपटून खाली. दाराला तीन कड्या. आमच्या धंद्यात याला डिफेन्स इन डेप्थ म्हणतात. चोर एक कडी काढेल, दोन काढेल, तिसरीला कंटाळेल.

शाल्मलीनं तिन्ही कड्या स्वतः लावून, ओढून पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. पोरगी माझ्यावर गेलीय.

आता जे लिहितो ते स्मिताला माहीत नाही.

गेल्या वर्षी नाना, माझे वडील, गेले. दहाव्याला पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. दोन तास. आम्ही सगळे घाटावर ताटकळत. असं झालं की माणसाची काहीतरी इच्छा राहिलेली असते, आणि ती पुरी करू असं मोठ्यानं सांगायचं असतं. काका म्हणाले, नाना, आम्ही एकत्र राहू. आत्या म्हणाली, नाना, औषधं वेळेवर घेईन. मी म्हटलं, नाना, पुण्याचं घर विकणार नाही. कावळा झाडावर बसून बघत होता. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. याला आमच्यात बायपास म्हणतात. ऑडिटमध्ये चालत नाही.

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. स्मितासमोर मी हे अनेकदा ठामपणे सांगितलं आहे. पण व्हाइटफील्डला कावळेच नव्हते, इथे आहेत, आणि रोज मूठभर दहीभात ठेवायला काय जातं? गच्चीवर ठेवला तर स्मिताला दिसेल. खुराड्याचं छप्पर उत्तम. स्वयंपाकघरातून दिसत नाही. दार उघडून उंबऱ्यावर पाय ठेवला की हात बरोबर पोचतो.

१८ ऑगस्ट, सोमवार

पहिलं पान ठेवलं. म्हटलं, नाना, तुमची स्कूटर विकणार नाही. (विकली आहे. पण पैसे अजून तसेच आहेत.) कावळा आला नाही. अमेरिकेचा कॉल आला. दार लोटून धावलो.

संध्याकाळी पान साफ. कोणी खाल्लं दिसलं नाही. तांत्रिकदृष्ट्या हा स्पर्श धरावा का?

२१ ऑगस्ट, गुरुवार

शेजारचे प्रतापराव खुराडं बघायला आले. यांचं घराणं म्हणे चारशे वर्षं इकडेच. घरात मराठी बोलतात, रागावतात मात्र कन्नडमध्ये. मी सगळी यंत्रणा समजावली. खांब, ताटल्या, कड्या. त्यांनी कोंबड्या चढायला लावलेल्या लाकडी फळीकडे बोट दाखवून विचारलं, मग हा उंदरांचा जिना काय?

फळी रोज संध्याकाळी उचलायची असं ठरवलं. हा निर्णय माझाच. आधीच डोक्यात होता.

जाताना प्रतापराव करंजीकडे बराच वेळ बघत होते. म्हणाले, चांगली भरलीय. या माणसावर लक्ष ठेवायला हवं.

२४ ऑगस्ट, रविवार

उंदीर. खाद्याची गोणी कुरतडलेली, खुराड्याखाली बिळं. एक तर मांजराएवढा होता. प्रतापराव त्याला हेग्गण म्हणाले, मी घूस म्हटलं. दोघांनी मिळून बघितलं, तो आमच्याकडे बघून सावकाश निघून गेला.

कळत नाही हे का येतात. आम्ही अन्नाचा एक कण बाहेर टाकत नाही. स्मितानं ओल्या कचऱ्याला झाकणाचा डबा आणलाय. मग यांना इथे मिळतं काय? लेआउटच्या ग्रुपवर कडक मेसेज टाकला: काही बेजबाबदार रहिवासी उघड्यावर अन्न टाकत आहेत. बारा जणांनी अंगठा दिला.

चिकपेटच्या बाजारात जाऊन बारीक जाळीचं भेंडोळं, उंदराचे चार पिंजरे आणि जाड कुलूप आणलं. भेंडोळं रिक्षात मावेना. रिक्षावाला म्हणाला, सार, स्वल्प आत सरका. सरकलो. विमानतळाच्या रस्त्यापर्यंत जाळी मांडीवर. पँट गेली. पण सुरक्षेला किंमत असते.

सकाळच्या पानाबरोबर म्हटलं होतं, नाना, रोज चालायला जाईन. नाही शिवला.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

पिंजरे आज लावणार होतो. सासूबाईंचा फोन. देवाचं वाहन आहे, गणपती असेपर्यंत हात लावायचा नाही. आमचा गणपती दीड दिवसाचा आहे असं मी निदर्शनास आणलं. त्या म्हणाल्या, गावाचे गणपती अनंत चतुर्दशीला जातात, तेव्हा बघा काय ते.

म्हणजे शस्त्रसंधी. एकतर्फी. एक उकडीचा मोदक नानांच्या पानावर ठेवला. नानांना फार आवडायचा. दुपारी बघतो तर मोदक गायब, आणि खुराड्याच्या छपरावर सारणाचा माग थेट खांबाखालच्या बिळापर्यंत. कावळे किती अव्यवस्थित खातात.

३१ ऑगस्ट, रविवार

चिवडा गेली.

सकाळी नऊच्या सुमारास शाल्मली दाणे टाकायला गेली तर खुराड्यात चारच. फळीवर पिसं, दोन थेंब रक्त. दार? दार उघडं होतं. म्हणजे चोरानं तिन्ही कड्या काढल्या. साधासुधा प्राणी नाही हा. स्मिताला म्हटलं, हे फार सराईत काम आहे. ती म्हणाली, कडी काढणारा प्राणी एकच माहीत आहे मला. प्रतापरावांवरचा तिचा संशय मलाही पटतो.

शाल्मली रडली नाही. पिसं गोळा करून डबीत ठेवली. ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. तिला जवळ घेऊन सांगितलं की आता मी या प्रकरणात स्वतः लक्ष घालणार आहे. ती म्हणाली, नको ना बाबा.

मुलांना आपली काळजी वाटते.

३ सप्टेंबर, बुधवार

कॅमेरा बसवला. आता बोला.

खुराड्याच्या दारावर रोखला आहे. हालचाल झाली की मोबाइलवर इशारा येतो. पहिल्या दिवशी सगळे इशारे माझेच आले. सकाळी मी, संध्याकाळी मी. मीटिंगमध्ये फोन सारखा टिंगटिंग. म्हणून माझा चेहरा विश्वासू म्हणून नोंदवला. आता मी फ्रेममध्ये असलो की अॅप गप्प राहतं, पुढची दहा मिनिटं त्रास देत नाही. फालतू इशारे बंद, खरा धोका तेवढा कळणार. ऑफिसात याच विषयावर माझं प्रेझेंटेशन होतं. टाळ्या पडल्या होत्या.

७ सप्टेंबर, रविवार

गणपती काल गेले. युद्ध सुरू. पिंजऱ्यांत खोबऱ्याचे तुकडे. एकही उंदीर फिरकला नाही. त्यांचं पोट भरलेलं असतं असं दिसतं. कुठे भरतं देव जाणे.

छपरावर प्लॅस्टिकचं घुबड बसवलं. मान गोल फिरते, डोळे उन्हात चमकतात. परदेशात शिकारी पक्ष्यांना असंच पळवतात. मथुराक्का, म्हणजे प्रतापरावांच्या पत्नी, कुंपणापलीकडून म्हणाल्या, घुबड घरावर बसवतं का कोण? मी त्यांना सौम्यपणे विज्ञान सांगितलं. त्या सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणत आत गेल्या.

उद्यापासून पितृपक्ष. यंदा काम फत्ते करायचंच. संकल्प: रोज ताजं पान, रोज नवं वचन.

९ सप्टेंबर, मंगळवार

वचन: नाना, ताटात टाकणार नाही. पान घुबडाच्या पायाशी नीट मांडलं. कावळा लांब तारेवर बसून राहिला. इतका जवळ येऊन का थांबतो कळत नाही. नाना फारच नाराज दिसतात.

मथुराक्कांच्या गच्चीवर मात्र कावळ्यांची झुंबड. एकेक गलेलठ्ठ. त्यांचे पूर्वज चारशे वर्षांचे, इच्छा संपल्या असणार.

नानांचे शेवटचे शब्द सारखे आठवतात. हॉस्पिटलच्या खोलीत मी शिरलो, त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "दार लाव." बस. स्मिता म्हणते, बाहेरच्या एसीचा झोत येत होता. तिला त्यातलं काही कळायचं नाही. नाना मला लहानपणापासून हेच म्हणायचे. शाळेतून आलो, दार लाव. खेळून आलो, दार लाव. लग्न करून आलो तेव्हा माप ओलांडल्या ओलांडल्या, दार लाव रे. त्या चार अक्षरी उपदेशातूनच मी सुरक्षेच्या क्षेत्रात आलो असं माझं मत आहे. जगाला कुंपण घाल, असं त्यांना म्हणायचं असावं.

११ सप्टेंबर, गुरुवार. नानांची तिथी

भक्कम तयारी. मथुराक्कांकडून वडे मागून आणले, मलाच खायला हवेत असं सांगून. खीर बाहेरून. ऑफिसला घरून काम सांगितलं. स्मिता सात वाजता कॅबनं गेली, शाल्मली शाळेच्या बसनं. मैदान मोकळं.

पान मोठं, छपरावर नीट सरकवायला वेळ लागला. हात जोडले. वचनं एकदमच देऊन टाकली. नाना, काकांशी बोलेन. नाना, दाढी रोज करीन. नाना, प्रेशरच्या गोळ्या. नाना, शाल्मलीला तबला. फोन वाजला. सिंगापूरच्या क्लायंटकडे खरोखरचा हॅकर शिरलेला. उडी मारून दार लोटलं आणि धावलो. सव्वा तास त्यांना शांतपणे एकच गोष्ट समजावत होतो: अहो, तंत्रज्ञान कितीही आणा, शेवटी कुठलातरी माणूसच दार उघडं टाकतो.

क्लायंट फार प्रभावित झाला.

त्याच दिवशी, रात्र

चकली आणि शेव.

दोघीही. पुन्हा लिहवत नाही. खुराड्यात पिसांचा सडा, करंजी कोपऱ्यात अंग चोरून, बुंदी अंड्यांच्या पेटीच्या मागे. कॅमेऱ्यानं एकही इशारा दिला नाही. म्हणजे शत्रूला कॅमेऱ्याची माहिती आहे.

संध्याकाळी शाल्मली बसमधून उतरली आणि नेहमीसारखी आधी मागे गेली. मी तिच्या मागे धावलो, पण तिनं पाहिलं होतं. मला म्हणाली, तू घरी होतास ना?

मी झाडू आणायला गेलो.

स्मिता आल्यावर आवाज न चढवता बोलली. दसऱ्यापर्यंत दोन कोंबड्या जिवंत राहिल्या तर इथे राहायचं. नाही तर हे घर भाड्यानं द्यायचं आणि परत व्हाइटफील्डला. म्हणाली, रोजचा तीन तास प्रवास मी कुणासाठी करते? पोरीला इथे मोकळं वाटावं म्हणून. तिला इथे रोज सकाळी मोजणी करून शाळेत जावं लागतं.

मान्य केलं. करंजी आणि बुंदी. दोनच आहेत, म्हणजे सांभाळणं सोपं. उलट फोकस येतो.

१३ सप्टेंबर, शनिवार

नवी उपाययोजना: जाळी दुहेरी. खांबांना ग्रीस. कुलूप. खुराड्याभोवती तिखटाची रेघ (वाऱ्यानं स्मिताच्या डोळ्यांत. त्यावर चर्चा झाली.) उंदरांना ऐकू जाईल पण माणसाला नाही असा आवाज काढणारं यंत्र. प्रतापराव म्हणाले, आमचे आजोबा खुराड्यावर काळी बाहुली बांधायचे. विचारलं, उपयोग व्हायचा? म्हणाले, छे हो, कोंबड्या जायच्याच, पण बाहुली छान दिसायची.

१६ सप्टेंबर, मंगळवार

यश. उंदीर गायब. एकही नाही. बिळं सामसूम. यंत्राचा परिणाम आठवड्याच्या आत दिसतो असं खोक्यावर लिहिलं होतंच.

फळीवर प्लॅस्टिकचा लांब पारदर्शक पट्टा अडकलेला सापडला. त्यावर खवल्यांसारखी नक्षी. लेआउटमध्ये कचऱ्याची शिस्त म्हणून नाही. ग्रुपवर फोटो टाकला: कृपया आपलं पॅकिंग इतरांच्या आवारात टाकू नये. यावेळी कोणी अंगठा दिला नाही. तीन जणांनी साप, साप असं लिहिलं, एकानं मला अंगणात जाऊ नका सांगितलं. घाबरट लोक.

उद्या जरा लांबूनच बघावं. सहज.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

करंजीनं आज अंडं दिलं. शाल्मलीनं माझ्या तळहातावर ठेवलं, गरम होतं. या घराचं सगळं बरं होईल असं मला पहिल्यांदाच आतून वाटलं.

वचन: नाना, या घरातून पोरीला हलवू देणार नाही.

कावळा तारेवर. मला वाटतं तो आता विचार करतोय.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या

आज शेवटची संधी होती. हरलो.

नीट लिहितो. सकाळी दोघी झोपलेल्या. पान घेऊन गेलो. कुलूप काढलं, तिन्ही कड्या काढल्या, उंबऱ्यावर चढलो, पान ठेवलं. अर्धा तास हात जोडून उभा. वचनं संपली तर जुनीच परत दिली. कावळा उडून मथुराक्कांच्या गच्चीवर गेला. मी खाली उतरलो, कुंपणापाशी जाऊन त्यांच्या गच्चीकडे बघत बसलो. एकेक घास कसा उचलतात मेले. मत्सर म्हणतात तो हा असावा. किती वेळ गेला कळलं नाही.

मागून फडफड. वळलो तर मुंगूस. तोंडात करंजी. माझ्या समोरून गेलं, पळत नव्हतं. घरच्यासारखं गेलं.

स्मिता दारात उभी होती. तिनं ते बघितलं, मला बघितलं, छपरावरचं केळीचं पान बघितलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

स्मितानं कॅमेऱ्याचं सगळं रेकॉर्डिंग काढलं. इशारे बंद असले तरी चित्रण साठत असतं हे मला अर्थातच माहीत होतं, वेळ मिळाला नव्हता इतकंच. टीव्हीवर लावलं. शाल्मली, मथुराक्का, प्रतापरावही बसले. चहा झाला. जणू लग्नाचा व्हिडिओ.

मी पान घेऊन येतो. कड्या काढतो. उंबऱ्यावर चढतो. तोंड हलतं, आवाज नाही. खिशातून फोन काढतो. पायानं दार ढकलतो, ते आपटून परत उघडतं. मी जातो. मग छपरावर उंदीर, दहीभाताला. त्यांच्या मागावर मुंगूस. ते दारापाशी थांबतं, आत डोकावतं, मागे वळून एकदा बघतं, कोणी हटकतंय का म्हणून. मग आत.

पुढची तारीख. मी पान घेऊन येतो.

तिसऱ्या तारखेला प्रतापराव म्हणाले, "तुम्हीच काय हो त्यांना वाढत होता?" आणि मथुराक्कांनी त्यांना कोपरानं ढोसलं.

मी सांगायचा प्रयत्न केला की कॅमेऱ्याचा कोन फसवा आहे. स्मिता म्हणाली, शार्दूल, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. इथे तर तू कोंबडंही झाकलं नाहीस.

मग तिनं विचारलं, भात कुणासाठी होता? सांगावं लागलं. घाट, दर्भाचा कावळा, वचनं, सगळं. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, वर्षभर हे एकट्यानं मनात ठेवलंस? मला सांगितलं असतंस तर मी गच्चीवर ठेवला असता.

शाल्मली उठून मागे गेली. बराच वेळ आली नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

व्हाइटफील्डला फ्लॅट मिळाला. दसऱ्याला जायचं. तिथल्या सोसायटीत कोंबडी चालत नाही, म्हणून बुंदी मथुराक्कांकडे राहणार. शाल्मली रविवारी भेटायला येणार. मथुराक्कांनी देवाशपथ सांगितलं की प्रतापरावांना हात लावू देणार नाही.

पण इतिहासात हेही नोंदलं जावं: त्या दिवसानंतर एकही घटना नाही. सकाळी स्वतः कुलूप तपासतो, संध्याकाळी स्वतः तपासतो. कड्या ओढून पाहतो. आत डोकावत नाही, बुंदी घाबरलेली आहे, तिला शांतता हवी. दाणापाणी शाल्मली बघते. रोज एक अंडं स्वयंपाकघरात ओट्यावर येतं. म्हणजे यंत्रणा मुळात उत्तम होती. मी आधीपासून सांगत होतो.

शाल्मलीला म्हटलं, बघ, बुंदी किती सुरक्षित आहे. ती म्हणाली, हो बाबा. बऱ्याच दिवसांनी इतकं गोड बोलली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

टेम्पो दुपारी येणार. सकाळी शेवटचं पान. आज चोरून नाही. स्मितानंच दहीभात कालवून दिला, वर लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवली. नानांना लागायची, मी विसरलो होतो.

कुलूप, तीन कड्या, उंबऱ्यावर पाय. घुबड छपरावर नव्हतं, शाल्मलीनं काढून टाकलं म्हणे. पान ठेवलं. हात जोडले. द्यायला काहीच उरलं नव्हतं. स्कूटर, दाढी, तबला, घर, सगळं देऊन झालं होतं. जे तोंडाला आलं ते म्हटलं. नाना, यापुढे दार लावत जाईन.

पानावर कावळा.

कुठून आला दिसलं नाही. पंखांचा वारा तोंडावर आला. त्यानं आधी लोणचं बाजूला केलं, मग भात उचलला, आणि मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. नाना पेपरवरून बघायचे तसं. मी रडलो. लिहितो, कोणी वाचणार नाही.

धावत घरात. स्मिता, शिवला. कावळा शिवला. तिनं हातातलं खोकं खाली ठेवलं. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. विचारलं, काय म्हणालास? सांगितलं. ती हसली, पदरानं डोळे पुसले, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघून म्हणाली,

"आणि लावलंस?"

खुराड्याचं दार सताड उघडं. तिन्ही कड्या लोंबकळत. अनवाणी धावलो. आत कोणी नाही. पेटीमागे नाही. फळीखाली नाही. बुंदी, बुंदी म्हणून ओरडत कुंपणापर्यंत गेलो. लंगडी आहे, ती कुठे पळणार. मी जमिनीवर बसलो. पोरीला आता काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

वरची खिडकी उघडली. शाल्मलीच्या कडेवर बुंदी.

"बाबा, ती इथे आहे. त्या व्हिडिओच्या दिवसापासून माझ्या खोलीतच आहे. मी दार लावून घेते."

म्हणजे दहा दिवस मी रिकाम्या खुराड्याला कुलूप लावत होतो.

रागावणार होतो. मग तिनं बुंदीचा पंख धरून मला टाटा केला. हसत होती. जूनच्या आधी हसायची तशी. मी खालून हात हलवला.

टेम्पो आला आहे, हॉर्न वाजवतोय. ही वही खोक्यात टाकण्याआधी एक दुरुस्ती करायची राहिली. १७ ऑगस्टच्या पानावर 'पोरगी माझ्यावर गेलीय' असं लिहिलं होतं. खोडलं. नानांवर गेलीय.